एक माज हुकला की एकवीस दिवस गेले: छोट्या गोठ्याचं तारखांचं गणित



माझं पशुखाद्याचं दुकान आहे. काउंटरवर रोज कुणीतरी येऊन म्हणतं, "मॅडम, गाय गाभ राहत नाही, एखादी चांगली पावडर द्या." पावडर देण्याआधी मी तीन तारखा विचारते. गाय व्यायली कधी? शेवटचा माज कधी दिसला? शेवटची कांडी कधी भरली? पहिल्या प्रश्नाला "दिवाळीच्या आसपास" असं उत्तर येतं. दुसऱ्याला "घरी विचारून सांगतो". तिसऱ्याला "डॉक्टरांच्या लक्षात असेल".

हीच माणसं दुधाचा हिशोब मात्र पक्का ठेवतात. कोणत्या दिवशी किती लिटर गेलं, फॅट किती लागली, पगार किती निघाला, सगळं तोंडपाठ. पण दूध सुरू होतं गाय व्यायल्यावर, आणि गाय वेळेवर व्यायची तर माज वेळेवर दिसायला हवा. त्याचीच नोंद नसते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी बीबीए केलंय, पशुवैद्यकीय पदवी माझ्याकडे नाही. औषध, इंजेक्शन, उपचार हे डॉक्टरांचं काम. मी बोलणार आहे ते दोन ते दहा जनावरांच्या गोठ्यात मालकाने आणि घरच्यांनी काय बघायचं, काय लिहायचं आणि त्यातून पैसे कसे वाचतात याबद्दल.

आधी हिशोब करू

दुकानात एखादा माल सहा महिने कपाटात पडून राहिला तर त्याचं बिल कुणी पाठवत नाही. पण पैसे अडकलेले असतात. गोठ्यात रिकामी गाय, म्हणजे जी गाभण नाही आणि दूधही कमी देतेय, ती अशीच. रोज वैरण खाते, रोज शेण काढायला लावते, आणि तोट्याची पावती कुठेच दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गोठ्याचे घाला.

ताजी व्यायलेली संकरित गाय दिवसाला १४ लिटर दूध देते असं धरा. दर ३२ रुपये. म्हणजे ४४८ रुपये. वैरण आणि आंबोण मिळून खर्च २८० रुपये. हातात राहिले १६८.

तीच गाय वेताच्या शेवटी ५ लिटरवर येते. १६० रुपये मिळतात, खर्च १७० रुपये. म्हणजे रोज १० रुपये खिशातून.

या दोन दिवसांमधला फरक १७८ रुपयांचा. एक माज हुकला की पुढचं वेत २१ दिवस लांबतं. म्हणजे गाईला २१ दिवस जास्त या शेवटच्या, कमी दुधाच्या अवस्थेत सांभाळायचं. १७८ गुणिले २१, झाले ३,७३८ रुपये. एका हुकलेल्या माजाचे पावणेचार हजार!

गोठ्यात चार गाई आहेत आणि वर्षात प्रत्येकीचे दोन माज हुकले, तर आठ माज. तीस हजारांच्या आसपास. गोठ्याच्या कर्जाचे हप्ते चालू असतील तर त्यातले किती हप्ते यात निघाले असते, ते तुमचं तुम्ही काढा. हा हिशोब ढोबळ आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे.

वर्षाला एक वेत: संधी किती मिळतात?

गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवस. वर्षाचे दिवस ३६५. उरले ८५. म्हणजे दरवर्षी एक वासरू हवं असेल तर व्यायल्यापासून ८५ दिवसांत गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे.

आता यातले पहिले ५० ते ६० दिवस गर्भाशय पूर्ववत व्हायला द्यावे लागतात. या काळात माज दिसला तरी शक्यतो भरवत नाहीत, फक्त तारीख लिहायची. म्हणजे खऱ्या कामाचे दिवस राहिले २५ ते ३५. माज येतो सरासरी २१ दिवसांनी, कधी १८ ला तर कधी २४ ला. तर या काळात माज येणार एकदा, फार तर दोनदा. आणि तो टिकतो साधारण १२ ते १८ तास, काही संकरित गाईंमध्ये त्याहून कमी.

म्हणजे वर्षभराच्या ८,७६० तासांमधले पंधरा-वीस तास. त्यातले अर्धे रात्रीचे. त्या वेळात कुणी बघितलं नाही तर २१ दिवस गेले. शिवाय प्रत्येक कांडीला गाय गाभ राहतेच असं नाही, म्हणून हाती आलेली संधी वाया घालवणं परवडत नाही.

१३ महिन्यांनी वेत आलं तरी छोट्या गोठ्याला ते चांगलंच म्हणायचं. पण पंधरा-सोळा महिन्यांवर गेलं की समजा, कुठेतरी तारखा हरवल्यात.

माज कसा ओळखायचा?

सगळ्यांत खात्रीचं लक्षण एकच: दुसरी गाय अंगावर चढली की ही शांत उभी राहते, पळत नाही. इथे लोकांची नेहमी गल्लत होते. चढणारी गाय माजावर असेलच असं नाही, ती माजाच्या जवळपास असू शकते. खाली स्थिर उभी राहणारी नक्की माजावर असते.

बाकीची लक्षणं क्रमाने येतात.

सुरुवातीला गाय अस्वस्थ होते. सारखी हंबरते, कान टवकारते, दाव्याला ओढ देते, इतर जनावरांना हुंगते, त्यांच्या पाठीवर हनुवटी टेकवते. गव्हाणीत वैरण शिल्लक राहते. धार काढताना दूध चोरते किंवा लिटर-दोन लिटर कमी देते. निरण थोडी सुजलेली, आतून लालसर आणि ओलसर दिसते.

ऐन माजात ती वर सांगितल्याप्रमाणे स्थिर उभी राहते. शेपटी बाजूला घेते. थोडी थोडी लघवी वारंवार करते. निरणीतून स्वच्छ, काचेसारखा, तार धरणारा चिकट सोट लोंबतो. काही भागात याला बळस म्हणतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दिसला तर तो निरोगी.

माज उतरताना ती शांत होते, अंगावर चढू देत नाही, सोट घट्ट आणि कमी होतो.

सकाळी गोठ्यात गेल्यावर रात्रीच्या खुणाही बघायच्या. शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेत का, कातडी घासलीय का, दोन्ही बाजूंना खुरांचा चिखल लागलाय का? शेपटीच्या केसांना वाळलेला सोट चिकटलाय का? बसलेल्या जागी जमिनीवर चिकट डाग पडलाय का? गाय बसली की पोटावर दाब येऊन सोट बाहेर पडतो, म्हणून ती उठायच्या आधी मागून बघणं चांगलं.

सोट गढूळ, पांढरट, पिवळसर किंवा घाण वासाचा असेल तर गर्भाशयात संसर्ग असू शकतो. अशा वेळी कांडी भरायची घाई करू नका. डॉक्टरांना आधी तेच सांगा, "सोट खराब आहे." कांडीचे पैसे आणि माज दोन्ही वाया जाण्यापेक्षा उपचार करून पुढचा माज पकडलेला बरा.

बघायचं कधी?

माजाची हालचाल संध्याकाळी ते पहाटे, गारव्यात जास्त असते. आपण मात्र गोठ्यात असतो धारेच्या वेळी. तेव्हा गाईचं लक्ष आंबोणाच्या घमेल्याकडे असतं आणि आपलं बादलीकडे. शेण काढताना, वैरण टाकताना "नजर असतेच की" असं सगळे म्हणतात. पण काम करताना पडलेली नजर आणि हात रिकामे ठेवून बघणं यात फरक आहे.

दोन वेळा ठरवा. पहाटे धारेच्या आधी २० मिनिटं आणि रात्री जेवण झाल्यावर ९ ते १० च्या दरम्यान २० मिनिटं. बॅटरी घ्यायची, हातात दुसरं काम नाही, मोबाईल खिशात. दुपारी एक चक्कर जमली तर उत्तमच.

गोठा बांधीव असेल तर अडचण अशी की जनावर दाव्याला असल्यावर ते कुणावर चढणार आणि कोण स्थिर उभं राहणार? सगळ्यांत खात्रीचं लक्षण दिसायची सोयच नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास गाई मोकळ्या सोडा. जागा मातीची असावी. गुळगुळीत कोब्यावर पाय घसरतो म्हणून माजावरची गायसुद्धा चढायला बघत नाही. मुक्त गोठा असणाऱ्यांना हा फायदा आपोआप मिळतो.

आणखी एक स्वस्त युक्ती. गाय माजावर यायचा अंदाज असेल त्या आठवड्यात शेपटीच्या मुळाच्या वर, कण्यावर जाड रंगीत खडूचा पट्टा ओढायचा. सकाळी पट्टा पुसलेला दिसला तर रात्री कुणीतरी अंगावर चढलं होतं. हे मोकळ्या सोडलेल्या गाईंनाच लागू. मोठ्या गोठ्यांत हालचाल मोजणारे गळ्यातले पट्टे वापरतात. चार गाईंसाठी त्यावर खर्च करण्याआधी खडू आणि २० मिनिटं वापरून बघा.

बघतं कोण आणि फोन करतं कोण?

छोट्या गोठ्यातली माझ्या मते सगळ्यांत मोठी गळती इथे आहे.

बहुतेक घरांत पहाटेची धार, शेण, वैरण हे घरातल्या बायका करतात. "कालपासून हंबरतेय, दूध कमी दिलं" हे त्यांना आधी कळतं. डॉक्टरांचा नंबर असतो दादांच्या मोबाईलमध्ये, आणि दादा सकाळी सातला डेअरीवर, तिथून रानात, तिथून तालुक्याला. दुपारी जेवताना विषय निघतो, संध्याकाळी फोन होतो, डॉक्टर दुसऱ्या दिवशी येतात. तोवर माज उतरलेला असतो.

माझ्या प्रशिक्षण वर्गात एक ताई आल्या होत्या. घरच्या तीन गाईंपैकी एक "फळत नाही" म्हणून विकायचं ठरलं होतं. वर्गात तारखा लिहायचा सराव करताना त्यांनी आठवून आठवून मागचे चार माज सांगितले. कुठला हरतालिकेच्या दिवशी, कुठला भावाच्या घरची वास्तुशांत होती त्या दिवशी, असं. आम्ही ते कॅलेंडरवर मांडले, तर सगळे २० ते २२ दिवसांच्या अंतराने बरोबर पडले. म्हणजे गाय नियमित माजावर येत होती. कांड्या दोनच भरल्या होत्या, आणि दोन्ही माज दिसल्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. गाईत दोष आहे की नाही हे ठरवण्याइतकी संधीच तिला मिळाली नव्हती. गाय त्या महिन्यात विकली नाही. पुढचा माज दिसल्यावर त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला. तिसऱ्या महिन्यात तपासणीत गाय गाभण निघाली.

म्हणून गोठ्यात माज ओळखणाऱ्या व्यक्तीकडे डॉक्टरांचा नंबर आणि फोन करायचा अधिकार, दोन्ही पाहिजेत. "ह्यांना विचारून सांगते" यात बारा तास जातात. धंद्यात आम्ही म्हणतो, ज्याला आधी कळतं त्याला निर्णय घेऊ द्या. गोठा हा धंदाच आहे.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

साधा नियम आहे. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी भरवा. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अमेरिकेतल्या नेब्रास्का इथे ट्रिंबर्गर नावाच्या संशोधकाने १९४० च्या दशकात केलेल्या कामातून हा नियम पुढे आला आणि आजही गोठ्यात तोच वापरतात.

कारण असं: बीजांड सुटतं ते माज संपल्यावर १० ते १२ तासांनी. फार लवकर भरलं तर शुक्राणू वाट बघत दमतात, फार उशिरा भरलं तर बीजांड शिळं होतं. म्हणून माज दिसल्यापासून साधारण १२ तास ही मधली योग्य वेळ. रात्री दहाला माज सुरू झाला की पहाटे, हे नक्की माहीत नसेल तर डॉक्टरांना जे दिसलं ते तासासकट सांगा: "पहाटे साडेपाचला उभी राहिली, सोट स्वच्छ आहे." वेळ ठरवायला त्यांना तेवढं पुरतं. "माजावर आलीय, या" इतकंच सांगून उपयोग नाही.

आपल्याकडे दारात येऊन कांडी भरणं आता नवीन राहिलेलं नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ संस्था सुरू केली, तेव्हापासून ही सेवा गावोगावी पोहोचत गेली. कांडी उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नत्रात साठवलेली असते आणि भरण्याआधी कोमट पाण्यात योग्य तापमानाला आणावी लागते. ते डॉक्टर बघतील. तुम्ही एक करा: गाईला उन्हातून पळवत आणू नका, सावलीत बांधा, भरवण्याआधी आणि नंतर मारझोड करू नका.

भरवल्यावर कांडीवरचं वळूचं नाव किंवा क्रमांक वहीत लिहा. त्याच वळूची कांडी पुढे त्याच्याच कालवडीला भरली जाऊ नये, यासाठी ही नोंद लागते. कानातल्या १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांकही एकदा लिहून ठेवा.

आणि निरणीतून रक्त दिसलं तर? पुष्कळ लोक घाबरून फोन करतात. माज होऊन गेल्यावर एक ते तीन दिवसांत काही गाई-कालवडींना थोडं रक्त दिसतं. त्याचा अर्थ एवढाच की माज दोनेक दिवसांपूर्वी होऊन गेला. तेव्हा कांडी भरून उपयोग नाही. कांडी आधीच भरलेली असेल तर ती वाया गेली असंही समजू नका. भरलेली नसेल तर तारीख लिहा आणि तिथून १६ व्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बघा.

मुका माज आणि म्हैस

काही जनावरं माजावर येतात, बीजांड सुटतं, पण बाहेरून काही दिसत नाही किंवा फार थोडं दिसतं. याला मुका माज म्हणतात. म्हशींमध्ये हे जास्त, त्यातही उन्हाळ्यात. म्हशी एकमेकींवर गाईंसारख्या चढत नाहीत, माज बहुतेक रात्री किंवा पहाटे असतो, आणि सोट लांब लोंबत नाही. तो बसल्यावर पडतो किंवा निरणीच्या कडेला चिकटलेला दिसतो.

म्हशीत काय बघायचं? वेगळ्या आवाजात वारंवार रेकणं, थोडी थोडी लघवी, निरण सैल आणि सुजलेली, पान्हा न सोडणं, दूध एकदम कमी होणं. पहाटेची फेरी म्हशींसाठी चुकवायचीच नाही. उन्हाळ्यात दुपारी अंगावर पाणी मारणं, सावली, डुंबायची सोय असेल तर डुंबू देणं, याने माज दिसायला मदत होते.

मुक्या माजावर तारखेसारखं औषध नाही. मागचा माज ५ तारखेला दिसला होता हे लिहिलेलं असेल, तर २३ ते २९ या दिवसांत तुम्ही जास्त बारकाईने बघाल. एरवी दुर्लक्ष झालं असतं अशी बारीक खूण त्या दिवसांत नजरेला पडते.

उलटली नाही, म्हणजे गाभण?

असं समजू नका. कांडी भरल्यावर २१ दिवसांनी माज दिसला नाही तर आशा धरायची, खात्री नाही. माज मुका गेला असेल. तुम्ही त्या रात्री लग्नाला गेला असाल. बीजांडकोशात किंवा गर्भाशयात काही बिघाड झाला असेल. असं "गाभण आहे" समजून सहा-सात महिने सांभाळलेली गाय शेवटी रिकामी निघते, तेव्हा नुकसान २१ दिवसांचं राहत नाही, अख्ख्या वर्षाचं होतं.

गाभण तपासणीचे टप्पे असे ठेवा:

- १८ ते २४ दिवस: उलटते का बघा. उलटली तर तोही फायदाच, लगेच पुन्हा संधी मिळाली.
- ३९ ते ४५ दिवस: पुन्हा एकदा नजर. पहिला माज हुकला असेल तर इथे सापडेल.
- ६० ते ९० दिवस: डॉक्टरांकडून हाताने तपासणी. आपल्याकडे हीच पद्धत सगळीकडे मिळते. सरावलेल्या हाताला याआधीही कळतं. सोनोग्राफीची सोय असेल तर साधारण ३० दिवसांनीच समजतं.
- ९० दिवसांच्या पुढे एकदा: लवकर तपासून गाभण निघालेल्या गाईंतही काहींचा गर्भ सुरुवातीच्या काळात टिकत नाही. म्हणून एकदा पुन्हा खात्री.

तपासणी स्वतः किंवा "गावातल्या जाणत्या" माणसाकडून हात घालून करू नका. गर्भाला इजा होऊ शकते. पोट वाढलं, कास भरली या खुणा फार उशिरा येतात, तोपर्यंत निर्णयाची वेळ गेलेली असते. गावात डॉक्टर मिळत नसतील तर पशुधनासाठीचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावून बघा.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. काही गाभण गाई मधेच माजासारखी लक्षणं दाखवतात. तारीख न बघता "उलटली" म्हणून पुन्हा कांडी भरली, तर असलेला गर्भ जाऊ शकतो. आणि "माजावर येत नाही" म्हणून जे इंजेक्शन देतात, त्यातलं प्रोस्टाग्लँडिन गाभण गाईला दिलं तर गाभ पडू शकतो. म्हणून इंजेक्शनचा विषय निघाला की डॉक्टरांना सर्वांत आधी मागच्या कांडीची तारीख सांगा आणि "आधी तपासून बघा" म्हणा. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

वही: एका गाईचं एक पान

महागडं ॲप नको. शंभर पानी वही, एका गाईला एक पान, आणि गोठ्यात खिळ्याला टांगलेलं मोठ्या चौकटींचं कॅलेंडर. दुधाचा हिशोब आपण कॅलेंडरवर लिहितोच, तिथेच हेही. वही कपाटात ठेवायची नाही. पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पोरं नेतात.

समजा गाय १५ एप्रिलला व्यायली. पान असं दिसेल:

- व्यायली: १५ एप्रिल
- पहिले माज (भरवायचं नाही, फक्त नोंद): दिसेल ती तारीख
- भरवायला हरकत नाही: १४ जूनपासून (६० दिवस)
- माज दिसला व भरवली: १५ जून, पहाटे दिसला, संध्याकाळी कांडी, वळूचा क्रमांक
- उलटते का बघा: ३ ते ९ जुलै
- गाभण तपासणी: १४ ऑगस्ट (६० दिवस)
- आटवायची: २१ जानेवारी
- व्यायची अंदाजे तारीख: २२ मार्च

कांडीच्या तारखेत नऊ महिने आणि एक आठवडा मिळवला की गाईची व्यायची तारीख साधारण येते. म्हशीसाठी दहा महिने आणि आठ-दहा दिवस धरा. दोन्हींत चार-पाच दिवस मागेपुढे होणारच.

आटवायची तारीख लोक विसरतात. पुढच्या वेताआधी दोन महिने कासेला विश्रांती मिळाली नाही तर पुढच्या वेताचं दूध घटतं. पण कांडीची तारीखच माहीत नसेल तर दोन महिने मोजणार कुठून? एक तारीख हरवली की मागोमाग सगळ्या हरवतात.

याच उदाहरणात १५ जूनचा आणि ६ जुलैचा माज हुकला, आणि २७ जुलैला भरवली, तर व्यायची तारीख २२ मार्चवरून ३ मे वर जाते. मार्चमध्ये सुरू झालं असतं ते दूध मेमध्ये. मधला दीड महिना घर कशावर चालणार, हा प्रश्न वहीत आधीच दिसतो.

माज येतच नाही, तेव्हा

आधी खात्री करा की बघितलंय. दोन वेळा, २० मिनिटं, सलग २५ दिवस. त्यानंतरही काहीच दिसलं नाही आणि व्यायल्याला ६० दिवस उलटून गेले असतील तर डॉक्टरांना तपासायला सांगा. बरगड्या मोजता येतील इतकी गाय खंगली असेल तर तिचं शरीर आधी जगायचं बघतं, वासराचं नंतर. व्यायल्यावर दूध भरपूर आणि खाणं अपुरं, हे त्याचं नेहमीचं कारण. जंत, गोचीड, खनिजांची कमतरता, उन्हाचा ताण ही इतर कारणं.

मोठ्या जनावराला रोज ५० ते ६० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं, हे बरोबर आहे आणि ते माझ्या दुकानात विकायलाही आहे. तरी सांगते, आधी वही, मग पिशवी. माज येत असून दिसत नसेल तर कुठलीच पावडर तो तुम्हाला दाखवणार नाही. आणि पिशवी घेतलीच तर ज्या दिवशी सुरू केली ती तारीखही त्याच पानावर लिहा, म्हणजे फरक पडला की नाही हे तुमचं तुम्हाला कळेल.

तीन वेळा योग्य वेळी कांडी भरूनही गाय उलटत असेल तर चौथी आंधळेपणाने भरू नका. पान डॉक्टरांसमोर ठेवा. माजांमधलं अंतर, सोटाचा रंग, भरवल्याची वेळ, मागच्या वेताला वार अडकली होती का, या नोंदींवरून त्यांना कारण शोधायला दिशा मिळते. त्यानंतर गाय ठेवायची की काढायची, हे ठरवा. विकायचा निर्णय चुकीचा नसतो, पण तो पानावरच्या तारखा बघून व्हावा. बाजारात नेऊन अर्ध्या किमतीत दिलेली गाय पुढच्या माणसाच्या गोठ्यात पहिल्याच कांडीला गाभ राहते, असं आपण ऐकतो. त्यात गाय बदललेली नसते, बघणारा बदललेला असतो.

या आठवड्याचं काम

१. वही आणा. प्रत्येक जनावराला पान द्या. आठवतंय तेवढं आजच लिहा, अंदाजाच्या तारखेपुढे "अंदाजे" लिहा.

२. धार काढणाऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये डॉक्टरांचा नंबर सेव्ह करा. घरात सगळ्यांसमोर सांगा, माज दिसला की विचारायला थांबायचं नाही.

३. व्यायल्याला ६० दिवस झालेल्या आणि अजून न भरवलेल्या गाईंच्या पानावर लाल खूण करा. रात्रीच्या फेरीत आधी त्यांच्याकडे जा.

४. कांडी भरून ६० दिवस झाले आणि तपासणी झाली नाही, अशी किती जनावरं आहेत ते मोजा. सगळ्यांसाठी डॉक्टरांना एकाच दिवशी बोलवा. त्यांची फेरी वाचते, तुमचेही पैसे वाचतात.

महिनाभराने वही उघडा आणि किती माज दिसले ते मोजा. मागच्या महिन्यापेक्षा एक जरी जास्त सापडला असेल, तर वर केलेल्या हिशोबाप्रमाणे वही-पेनचा खर्च कितीतरी पटींनी वसूल झाला.

आज रात्री जेवण झालं की बॅटरी घेऊन वीस मिनिटं गोठ्यात जाऊन या.